अकीक, गारगोटी घासायचं-कापायचं सामान पुण्या-मुंबईत कुठे मिळेल?

रानखडा (प्रश्न)

पुण्यात राहतो. भीमा आणि घोड नदीच्या वाळूगोट्यातले अकीक, जास्पर असे साधारण लिंबाएवढे दगड आहेत, शिवाय खाणीच्या राडारोड्यातले स्टिलबाइट-अपोफिलाइट या स्फटिकांचे काही तुकडे. हे घरच्या घरी कापायचे, गोल करायचे आणि चमकवायचे आहेत. हवंय ते असं: दगड फोडायचा हातोडा, दोन छन्न्या, १०एक्स भिंग, सिलिकॉन कार्बाइड पावडर तीन-चार नंबरांत, शेवटच्या चमकेसाठी सेरियम ऑक्साइड आणि चार इंची डायमंड ब्लेड. ऑनलाइन नको, हातात घेऊन पाहून घ्यायचं आहे. पण दुकानात "लॅपिडरी" (दगड कापून-घासून चमकवायचं काम) म्हटलं की समोरचा लॅपटॉपवाल्याचा पत्ता देतो. नेमकं कुठे जायचं आणि काय म्हणून मागायचं?

टाकीचे घाव

तो शब्द दुकानात काढूच नका. एका छताखाली हे सगळं मिळायची अपेक्षाही सोडा. तुमची यादी पाच-सहा धंद्यांत विखुरलेली आहे: पाथरवट, फरशीवाले, सोनार, काचवाले, गाड्या रंगवणारे. ज्याच्या दुकानात जाल त्याच्या भाषेत मागा.

हातोडा-छन्नीसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. छन्नी अष्टकोनी सळईची, २०० मिमी लांब, पात्याची रुंदी २० ते २५ मिमी. सुताराची पटाशी चुकूनही नको, बेसॉल्टवर (आपल्या काळ्या दगडावर) तिची धार पहिल्याच घावात उडते. सोबत एक टोकदार टाकी घ्या. वडार-पाथरवट वापरतात ती, लोहाराकडून पाणी देऊन घेतलेली. बेसॉल्टमध्ये रुंद छन्नीपेक्षा टाकी आधी शिरते. छन्नीवर मारायला एक ते सव्वा किलोचा, आखूड दांड्याचा छोटा घण पुरतो. त्याहून जड घेतलात तर दहा मिनिटांत मनगट बोलायला लागतं आणि नेम चुकतो.

जिऑलॉजिकल हॅमर ही वेगळी चीज आहे. एका बाजूला चौकोनी तोंड, दुसऱ्या बाजूला टोक किंवा आडवं पातं. आपल्या दख्खनच्या दगडाला टोकवालाच हवा. पातंवाला थरांच्या दगडासाठी, म्हणजे शेल-वालुकाश्मासाठी. डोकं-दांडा एकाच पोलादाचा असलेला, साधारण ६०० ग्रॅमचा बरा. हा साध्या हार्डवेअरात क्वचितच असतो. कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानात विचारा. त्यांच्याकडे बऱ्याचदा अंबाल्याहून माल येतो आणि ते मागवूनही देतात. बॉक्स उघडून दांड्याचा जोड पाहिल्याशिवाय घेऊ नका. पोकळ पाइपचा दांडा आणि वर वेल्ड केलेलं डोकं असेल तर परत करा.

जुन्या बाजारात (बुधवार आणि रविवार) जुने घण, व्हाइस, बेंच ग्राइंडर मिळतात. तिथे एकच गोष्ट तपासा: छन्नीचं डोकं छत्रीसारखं पसरलेलं आहे का. असेल तर त्या कडा ग्राइंडरवर घासून काढल्याशिवाय वापरू नका, घाव बसला की त्याच कपच्या उडून डोळ्यात जातात. हातोड्याने हातोड्यावर मारणं तर अजिबात नको, दोन्ही तोंडं कडक पोलादाची असतात. आणि गॉगल. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

भिंग सोन्या मारुती चौकाकडच्या सोनारी हत्यारांच्या दुकानात. "१०एक्स ट्रिपलेट" (तीन काचा जोडलेलं) म्हणून मागा. घड्याळजी डोळ्यात अडकवतात ते आयग्लास तीन-पाचपटीचं असतं, ते गळ्यात मारून घेऊ नका. तपासायची पद्धत सोपी: आलेखाच्या कागदावर धरा. कडेच्या रेघा वाकड्या किंवा रंगीत दिसल्या तर ते ट्रिपलेट नाही, मग डबीवर काहीही छापलेलं असो. १०एक्स भिंगाचं नाभीय अंतर २५ मिमी असतं, म्हणून भिंग डोळ्याला चिकटवून दगड जवळ आणायचा.

नागदेवी क्रॉसिंग

पावडरीचं मी सांगतो, कारण लोक सर्वात जास्त तिथेच फसतात.

मुंबईला येणं होत असेल तर मशीद बंदराजवळची नागदेवी स्ट्रीट. घासाई-कटाईच्या मालाचे ठोक व्यापारी तिथे आहेत. पुण्यात भोसरी-पिंपरी एमआयडीसीतले अ‍ॅब्रेसिव्ह डीलर. मागायचं असं: "सिलिकॉन कार्बाइड, लूज ग्रेन, काळी, ८० नंबर." दुकानदार तिला कार्बोरंडम पावडरच म्हणेल, हरकत नाही. बंद पोतं २५ किलोचं असतं, म्हणून सुटी एक-दोन किलो देतात का हे फोनवरच विचारा.

दुकानात हमखास पुढे केल्या जाणाऱ्या चुकीच्या गोष्टी:

व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट. डबीवर कार्बोरंडम लिहिलेलं असतं, पण ती तेलात किंवा ग्रीसमध्ये कालवलेली असते. टम्बलरमध्ये (दगड, पावडर, पाणी घालून सतत फिरवायचा डबा) ती दगडांना लिंपून बसते आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यात जुना दाणा सोबत घेऊन येते.

सँडब्लास्टिंगचं गार्नेट. स्वस्त, पण अकीकाची कठिणता साडेसहा ते सात आणि गार्नेटचीही तेवढीच किंवा किंचित जास्त. महिनाभर फिरवा, दगड जिथल्या तिथे.

फरशीवाल्यांची पॉलिश पावडर. त्यात ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असतं. संगमरवर चुन्याचा, म्हणून त्यावर रासायनिक चमक येते. अकीक म्हणजे सिलिका, त्याला या आम्लाचा काही फरक पडत नाही.

सोनारांची लाल पॉलिश, रूज. ती सोन्यासाठी. अकीकावर थोडीफार चमक देईलही, पण बारीक भेगांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत लाल रंग कायमचा बसतो.

सेरियम ऑक्साइड काचेचा माल विकणाऱ्यांकडे किंवा चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यांना माल देणाऱ्यांकडे. पांढुरकी किंवा फिकट गुलाबी-तांबूस पावडर असते. पाव किलो घ्या, खूप दिवस पुरते. मुंबईत रासायनिक मालासाठी प्रिन्सेस स्ट्रीटही आहे.

आता नंबरांचा घोळ. सुट्या पावडरीचा ६०० (एफ श्रेणी) आणि वॉटरपेपरवरचा पी६०० एक नव्हेत. एफ६०० चा दाणा सुमारे ९ मायक्रॉन, पी६०० चा सुमारे २६. म्हणजे ४०० ची पावडर (१७ मायक्रॉन) वापरून झाल्यावर "आता पुढचं" म्हणून पी६०० चा कागद घेतलात तर तुम्ही मागे गेलात आणि नवे ओरखडे पाडलेत. एफ६०० च्या जोडीला पी२५०० चा कागद येतो. हातानेच घासणार असाल तर गाड्या रंगवणाऱ्यांच्या रंगाच्या दुकानातले वॉटरपेपर घ्या, पी१२० पासून पी२५०० पर्यंत, कागदाच्या खाली कडक रबराचा तुकडा धरून. एक नंबर सोडलात तर पुढच्या कागदावर दुप्पट वेळ जातो.

ओली कटाई

ब्लेडबद्दल. फरशीवाल्यांचं ११० मिमी ब्लेड कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या मार्बलच्या दुकानांच्या आसपास कुठेही मिळेल, पण दोन प्रकार असतात. खाचा असलेलं सेगमेंटेड ब्लेड अकीकाची कड कुरतडतं. सलग कडेचं मागा, "टाइल-ग्लाससाठी, सलग रिम" असं. तेसुद्धा दीड-दोन मिमी दगड खातं. लिंबाएवढ्या दगडातून चार चकत्या काढायच्या तर बराचसा दगड चिखलात जातो. अर्ध्या मिमीच्या आसपास जाडीची पाती रत्नं कापणाऱ्यांची, ती जयपूर-खंबातकडून येतात. मागवण्याआधी मधल्या भोकाचं माप तुमच्या शाफ्टशी जुळतंय ना पाहा. फरशीच्या ब्लेडचं भोक २० मिमी असतं, रत्नांच्या पात्यांचं बहुधा वेगळं. भोक मोठं असेल तर लेथवाल्याकडून बुश (भोकात बसणारी धातूची कडी) करून घ्या. कागद गुंडाळून बसवू नका, पातं डगमगतं आणि कड फुटते.

हातातल्या मार्बल कटरवर अकीक कापू नका. त्याचे फेरे मिनिटाला १२ हजारांच्या घरात. ११० मिमी पात्याची कड त्यावर सेकंदाला जवळपास ७० मीटर धावते. अकीकाला १५ ते २० मीटर पुरे. साध्या टू-पोल मोटरचे फेरे २८८० असतात. तिच्या शाफ्टवर थेट १०० मिमी पातं बसवलं की बरोबर १५ मीटर येतात, पुलीची भानगडच नाही. मुंबईत लोहार चाळीत किंवा पुण्यात कुठल्याही मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे अर्ध्या एचपीची मिळेल. पाणी पात्याच्या खालच्या कडेला, ट्रेमध्ये पाच-सहा मिमी बुडेल इतकं. त्याहून जास्त भरलं तर सगळं पाणी तुमच्या शर्टावर. मोटरवर शिंतोडे जाऊ नयेत म्हणून मध्ये आडपडदा, आणि लाइनवर ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). हे ऐच्छिक नाही.

गोल गोटा व्हाइसमध्ये धरला जात नाही, फिरतो आणि पातं वाकवतो. तो साबणाच्या डबीत प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये अर्धा रुतवा, रात्रभर वाळू द्या, मग चौकोनी ठोकळाच पकडा. पातं कापेनासं झालं, नुसतं घासतंय असं वाटलं तर दाबू नका. हिरे धातूखाली झाकले गेलेत. जुन्या ग्राइंडिंग व्हीलच्या तुकड्यात किंवा मऊ विटेत दोन-चार काप घ्या, पुन्हा धार येते.

आणि कोरडं काहीच नाही. एक कापसुद्धा नाही. अकीकाची धूळ म्हणजे शुद्ध सिलिका. खंबातच्या अकीक कारागिरांमधला सिलिकोसिस हा वैद्यकीय अभ्यासांत नोंदलेला आजार आहे, आणि त्यात फुफ्फुस परत दुरुस्त होत नाही. ओलं काम झालं तरी वाळलेला चिखल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

वाघोलीचा निळा

तुमच्या यादीतल्या दुसऱ्या मालाबद्दल कुणीच बोललं नाही. स्टिलबाइट, अपोफिलाइट यांना यातलं एकही मशीन लावू नका. स्टिलबाइटची कठिणता साडेतीन-चार, अपोफिलाइटची साडेचार-पाच, आणि दोघांनाही एका दिशेने स्वच्छ चिरण्याची सवय. टम्बलरमध्ये अकीकासोबत टाकलेत तर आठवड्याने फक्त चिखल उरेल. यांची किंमत अखंड स्फटिकात आहे, चकाकवण्यात नाही.

त्यांना लागतं ते सामान किरकोळ: मऊ टूथब्रश, लाकडी काड्या, इंजेक्शनची मोठी पिचकारी, अंड्यांचे ट्रे आणि टॉयलेट पेपर. सगळं बोहरी आळीत आणि औषधाच्या दुकानात. ओकेनाइटचे कापसाचे गोळे आणि स्कोलेसाइट-मेसोलाइटच्या सुया धुवायच्याही नाहीत. ओकेनाइट ओलं झालं की केस चिकटून बसतात. गंजाचे डाग काढायला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड सुचवतात, ते गारगोटीला ठीक. कॅल्साइट किंवा झिओलाइट (स्टिलबाइट, स्कोलेसाइट यांचं कुळ) असेल तर पृष्ठभाग खातं आणि वर पांढरा थर चढतो. संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर नकोच.

खाणीत मालकाला विचारूनच जा, सुरुंगाच्या वेळा आणि ताज्या फोडलेल्या कड्याखाली उभं न राहणं हे वेगळं सांगायला नको. किल्ले, लेणी, अभयारण्य इथे छन्नी पिशवीतून बाहेर काढायची नाही. आणि घोड-प्रवरेच्या काठी धारदार, पद्धतशीर कपच्या काढलेले छोटे अकीक दिसले तर ते तुमच्यासाठी नाहीत. इनामगाव, नेवासे या उत्खनन झालेल्या प्राचीन वस्त्या याच खोऱ्यांत आहेत. ती हत्यारं आहेत, आहेत तिथेच ठेवा.

रानखडा

सगळ्यांचे आभार, अर्धी यादी बदलली. टम्बलर मात्र तयार मिळत नाहीये. खेळण्यातला एक दिसला, डबा अर्ध्या लिटरचा. घरी करून घ्यायचा तर पुलीचं गणित कुणी सांगेल का?

पट्टा-पुली

१६० मिमी पीव्हीसी पाइप, २०० मिमी लांब. आतला व्यास साधारण १५० मिमी. या व्यासाला दगड भिंतीला चिकटून फिरायला लागतात तो वेग मिनिटाला १०९ फेरे (४२.३ भागिले व्यासाचं वर्गमूळ, व्यास मीटरमध्ये). आपल्याला त्याच्या निम्म्याहून थोडा कमी हवा, म्हणजे ५०.

२५ मिमीचे दोन शाफ्ट, मध्यापासून मध्यापर्यंत ११५ मिमी अंतर, चार यूसीपी २०५ पेडेस्टल बेअरिंग. ज्या शाफ्टला मोटर, त्यावर सायकलची ट्यूब चढवा. व्यास २८ होईल. मोटर १४४० फेऱ्यांची, पाव एचपी, सतत चालणारी. मिक्सर किंवा वॉशिंग मशीनची नको, ती तासाभरात तापते. मोटरवर २ इंची पुली, शाफ्टवर १० इंची: २८८ फेरे, म्हणजे डब्याला ५०. शाफ्ट-बेअरिंग-पुली एकाच बेअरिंगवाल्याकडे मिळतात, आधीची मापं कागदावर नेलीत की तोच पट्ट्याचा नंबर काढून देतो.

पाइपला आतून ट्रकच्या ट्यूबचं रबर चिकटवा. नुसत्या गुळगुळीत पीव्हीसीत दगड उलटत नाहीत, घसरतात आणि एकाच बाजूने सपाट होतात. शिवाय रबराने आवाज कमी होतो, शेजारी तक्रार करत नाहीत. एक टोपी कायमची चिकटवा, दुसरी ड्रेनेजची फिरकीची, रबरी वायसरसह.

या डब्यात साडेतीन किलो दगड, म्हणजे दोन तृतीयांश. पाणी वरच्या दगडांच्या जरा खाली. ८० नंबरची पावडर दगडाच्या वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३५० ग्रॅम. लहान-मोठे दगड मिसळून टाका, सगळे मोठे टाकले तर एकमेकांवर आपटून चंद्रकोरीसारखे टवके उडतात. ८० वर आठ-दहा दिवस, २२० वर सात, ६०० वर सात, मग सेरियमवर आठवडा. पहिल्या टप्प्यात रोज एकदा झाकण सैल करा, कधीकधी वायू साठतो आणि टोपी फुगते. प्रत्येक टप्प्यानंतर दगड, डबा, झाकणाचे आटे, सगळं ब्रशने धुवा. चमक न येण्याचं दहातलं नऊ वेळा कारण म्हणजे आट्यात अडकलेला एक जाड दाणा. जमलं तर सेरियमचा डबाच वेगळा ठेवा.

ओली कटाई

एक राहिलं. तो चिखल बेसिनमध्ये ओतू नका. बादलीत दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ वाळवून राडारोड्यात. पाइपात बसला तर सिमेंटसारखा घट्ट होतो, प्लंबरला पाइपच कापावा लागतो.