इंडिया गेटसमोर मान तुकवायची की नाही?

गंगावेसकर:
सुट्टीत आमच्या गल्लीतली मंडळी निजामुद्दीन एक्सप्रेसनं दिल्लीला निघालीत. कट्ट्यावर एकानं ठणकावून सांगितलं, "इंडिया गेट साहेबानं बांधलंय, तिथं मान कशाला तुकवायची? शेजारचं राष्ट्रीय समर स्मारक बघा आणि या." मला हे अजिबात पटलेलं नाही. आराखडा इंग्रज वास्तुविशारद लुटियन्सचा, १९३१ ला उद्घाटन व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते, सगळं मान्य. पण ती ४२ मीटरची कमान मुख्यतः पहिल्या महायुद्धात पडलेल्या सत्तर हजारांवर हिंदी सैनिकांसाठी उभी आहे. महिना ११ रुपयांवर परमुलखात मेलेली ही पोरं साहेबाची नव्हती, आपली होती.

राजारामपुरी:
दादा, पोरं आपली, पण लढाई कुणाची? साहेबाचं भांडण तुर्कांशी, त्यांनी आपलं काय बिघडवलं होतं? कमानीची पायाभरणी फेब्रुवारी १९२१ ची. जालियनवाला बागेला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. एका हातानं गोळ्या घालायच्या आणि दुसऱ्या हातानं स्मारक बांधायचं, ही श्रद्धांजली मी मानत नाही. माझी पोरं समर स्मारकच बघतील. तिथले जवान स्वतंत्र देशासाठी गेलेत.

शिरोळकर:
आमच्या तालुक्यात सैनिक टाकळी आहे, तिथं पलटणीत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. त्या गावात जाऊन विचारा, लढाई कुणाची ते. आणि पहिल्या महायुद्धात खुद्द शाहू महाराजांनी भरतीला बळ दिलं होतं. त्यांनाही साहेबाचा माणूस म्हणणार का?

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांनी घातलेला कूटचा वेढा तरी आठवा. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात अडकल्या. धान्य संपत आलं, घोडे कापून खायची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. पुढं कैदेत किती मेले! यांची नावं इंडिया गेटवर नाहीत. तिथं कोरलेली तेरा हजारांवर नावं मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. मेसोपोटेमियातल्यांचं स्मारक बसऱ्याला, आणि तिथंही साध्या हिंदी शिपायांची नावं न कोरता पलटणीगणिक नुसता आकडा घातला.

राजारामपुरी:
म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं की! ज्यांनी नावसुद्धा लिहिलं नाही, त्यांच्या कमानीला मुजरा कशाला?

गंगावेसकर:
त्यांनी नाव गाळलं म्हणून आपणही पाठ फिरवायची? हा कुठला न्याय?

कागलचा माजी सैनिक:
एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात नाही. १९७१ चं युद्ध जिंकल्यावर अमर जवान ज्योत आपण त्याच कमानीखाली पेटवली. २६ जानेवारी १९७२ पासून जानेवारी २०२२ पर्यंत ती तिथंच तेवली, मग समर स्मारकातल्या ज्योतीत मिळवली. पन्नास वर्षं तिन्ही दलांनी तिथं सलामी दिली. ती जागा आपण कधीच आपली केली आहे.

समर स्मारक तर बघाच. त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या विटेवर एकेका जवानाचं नाव आहे. पोरांना मराठा लाइट इन्फंट्रीची नावं हुडकायला लावा. संध्याकाळी ध्वज उतरवायच्या वेळेला थांबा.

राजारामपुरी:
सुभेदारसाहेब, ज्योतीचा मुद्दा बिनतोड आहे. तरी ज्योत हलवली ते योग्यच झालं, यावर मी ठाम आहे. सलामी जवानाला, कमानीला नाही.

शिरोळकर:
मग कमानीतल्या जवानाला द्या. निघायच्या आधी महायुद्धांत पडलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर आपापलं आडनाव तेवढं टाकून बघा.