सर्व्हरसाठी कुठलं पुस्तक घेऊ?

उद्यमनगरकर:
आमचं छोटं मशीन शॉप हाय, १२ पीसी, विंडोज सर्व्हर २०१९ इसेन्शियल्स आणि त्यावर टॅली. सर्व्हर बघणारा पोरगा पुण्याला गेला आणि सगळं माझ्यावर आलंय. जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्मॉल बिझनेस सर्व्हर २०११ चं जाडजूड पुस्तक स्वस्तात मिळालंय, घेऊ काय?

शिरोलीवाला:
नको भावा. एसबीएस २०११ ही त्या नावाची शेवटची आवृत्ती, तिचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला. त्यात एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) सोबत यायचं, तुझ्या इसेन्शियल्समध्ये ते नाहीच, मग मेलची ती सगळी पानं वाचून करणार काय? २०१९ चंच बघ. २५ युजर आणि ५० डिव्हाइसची मर्यादा हाय, तुला बक्कळ झाली.

राजारामपुरीची:
दादा, मी पुस्तक घेताना दुकानात उभ्या उभ्या दोनच प्रकरणं उघडून बघते, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सोय) आणि बॅकअप. बॅकअप कसा घ्यायचा एवढंच सांगून रिस्टोअरवर गप्प बसणारं पुस्तक परत ठेवायचं. आमच्याकडं रोज सकाळी लॉगिनला पाच-पाच मिनिटं लागायची, सगळे सर्व्हरला शिव्या घालायचे, आणि निघालं काय तर पीसीच्या डीएनएसमध्ये सर्व्हरच्या जागी राउटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकलेला, म्हणून पीसीला सर्व्हर सापडायलाच वेळ लागायचा. तो बदलला आणि लगेच सुरळीत.

उद्यमनगरकर:
ताई, आत्ता बघितलं, आमच्या तीन पीसीवर राउटरचाच आयपी हाय! बदलतो लगेच. ते पुस्तक राहू दे मग.