स्केटबोर्ड रस्त्यावर दिसत नाही, मग बाकी सगळीकडं कसा काय दिसायलाय?

जिंतूर_रोड (परभणी)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळाय पण मला खरंच उत्तर पाहिजे म्हणून विचारायलो. माझं परभणीत रेडिमेडचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी टी-शर्टचा एक लॉट आला, काळं कापड आणि छातीवर जाळ लागल्यासारखी पिवळी-लाल इंग्रजी अक्षरं, थ्रॅशर. ओरिजिनल नाही हे उघड आहे, त्या किमतीत येतच नाही. पोरं तुटून पडली. त्यात एक अकरावीतला पोरगा टी-शर्ट अंगाला लावून आरशात बघत बघत मला विचारतो, काका थ्रॅशर म्हणजे काय? मला सांगता आलं नाही. त्याचे वडील बाजूलाच उभे होते, ते म्हणले मळणीयंत्राच्या कंपनीचा असंल. सोयाबीनचा सीझन चालू होता, दुकानासमोरून रोज ट्रॅक्टरमागं थ्रेशर जायलेत, माणसाच्या डोक्यात तेच येणार.

रात्री मोबाईलवर बघितलं तर ते अमेरिकेतलं स्केटबोर्डचं मासिक निघालं, म्हणजे ती चार चाकं लावलेली फळी, जिच्यावर उभं राहून पळायचं. तेव्हापासून मला तो बोर्ड दिसायचा थांबेना. पोरगा मोबाईलवर सबवे सर्फर्स नावाचा गेम खेळतो, त्यात दोनदा टच केलं की पायाखाली बोर्ड येतो. पोरीच्या कंपासपेटीवर बोर्डावर उभं असलेलं मांजर आहे, ती चार वर्षापासून घरात आहे आणि माझं लक्षच नव्हतं. व्हॉट्सॅपच्या चित्रांत बोर्ड. आणि परभणीच्या रस्त्यावर मी आजपर्यंत एकबी माणूस त्याच्यावर उभा बघितला नाही. जी वस्तू गावात नाही तिचं चित्र घराघरात कसं काय पोचलं? तुम्ही कुठं कुठं बघितला ते सांगा. त्या पोराला मला नीट उत्तर द्यायचंय, तो परत येणार आहे.

निराला_बाजार (छ. संभाजीनगर)

दादा, आधी त्या वडिलांबद्दल सांगतो, ते पूर्ण चुकलेले नाहीत. इंग्रजीत थ्रेश आणि थ्रॅश मुळात एकच शब्द, धान्य झोडपणं आणि माणसाला झोडपणं. आपण पण दोन्हीला झोडपणंच म्हणतो की. थ्रॅशर मासिक १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं आणि काढणाऱ्यांमध्ये स्केटबोर्डचे ट्रक, म्हणजे खालचे लोखंडी अ‍ॅक्सल, विकणारी माणसं होती, म्हणजे माल विकायचा तर आधी खेळ जगला पाहिजे असा हिशोब. अक्षरं मात्र अमेरिकन नाहीत, तो बँको नावाचा फ्रेंच टाइप, म्हणजे फॉन्ट आहे, रॉजे एक्सकॉफॉननं १९५१ ला केलेला, स्केटबोर्डशी काही संबंध नसताना. माझा फ्लेक्स आणि डीटीपीचा धंदा आहे म्हणून मला हे माहिती, वीस वर्षं मी तो टाइप ढाब्यांच्या आणि सलूनच्या पाट्यांना वापरतोय.

मी पहिल्यांदा स्केटबोर्ड बघितला तो बॅक टू द फ्युचर या इंग्रजी पिक्चरमध्ये. पिक्चर १९८५ चा, मी खूप उशिरा सीडीवर बघितला. त्यात तो पोरगा १९५५ सालात जाऊन पडतो, गुंड मागं लागतात, तेव्हा एका लहान पोराची लाकडी खोक्याची गाडी घेतो, वरचं खोकं उपटून फेकतो आणि खालच्या फळीवर उभा राहून पळतो. हा सीन डोळ्यासमोरून जात नाही कारण कॅलिफोर्नियात पोरांनी सुरुवातीला बोर्ड असेच केले होते, फळीला रोलर स्केटची चाकं ठोकून. सिम्पसन्स या अमेरिकन कार्टून मालिकेतला बार्ट नावाचा पोरगा तर १९९० पासून कितीतरी एपिसोडच्या सुरुवातीला शाळेतून बोर्डावरच घरी निघतो, ते जगभर गेलं. माझं मत विचाराल तर चित्र आधी पोचायचं कारण हेच, कार्टूनवाल्याला एका फटक्यात दाखवायचं असतं की हे पोरगं कुणाचं ऐकत नाही. सायकल दिली तर ते होत नाही.

हिंगोलीकर

धूम २ विसरले का सगळे, हृतिक चोरी करून त्याच्यावरच पळतो की. २००६ चा पिक्चर, आमच्या कॉलेजचं अख्खं हॉस्टेल गेलतं.

बेरिंग_नांदेड

हिंगोलीकर भौ, ते स्केट्स, पायात घालायचे, बोर्ड नाही. फरक मोठाय. स्केट पायाला बांधलेले असतात, बोर्ड कशालाच बांधलेला नसतो. तरी उडी मारली की तो पायाबरोबर वर येतो कारण मागच्या पायानं शेपटी जमिनीवर आपटायची आणि पुढचा पाय फळीवरून घासत पुढं न्यायचा, त्याच्यासाठी फळीवर सँडपेपरसारखा कागद चिकटवलेला असतो. याला ऑली म्हणतात. सबवे सर्फर्समध्ये बोर्ड हवेत तरंगतो, चाकंच नाहीत, त्यामुळं गेम खेळणाऱ्या पोराला वाटतं नुसतं उभं राहायचंय.

जिंतूर_रोड दादा, तुम्ही म्हणता गावात ती वस्तू नाही, हे मला पटत नाही. माझा गॅरेजचा धंदा आहे. तुम्ही लहानपणी बेरिंगची गाडी केली नाही का? आम्ही केली. मोटारीची जुनी बेरिंगं गॅरेजवाल्याकडनं मागून आणायची, फळीखाली दांडा, दांड्यात बेरिंग ठोकायचं, आणि उताराला बसायचं. आवाज असा की गल्लीतले म्हातारे शिव्या द्यायचे, आणि दात एकमेकांवर वाजायचे कारण लोखंड सरळ डांबरावर. तीच गोष्ट अमेरिकेत झाली, आधी लोखंडी चाकं, मग मातीसारख्या कडक मसाल्याची, खडा आला की गाडी जागेवर आणि पोरगं पुढं. १९७० नंतरच्या सालांत फ्रँक नॅसवर्दी नावाच्या माणसानं पॉलियुरेथेनची, म्हणजे एका चिवट प्लास्टिकची चाकं आणली आणि तिथून खेळ बदलला. रबरासारखं धरतं पण लवकर झिजत नाही.

आणि बोर्डातलं बेरिंग तुमच्या घरात येऊन गेलंय. २०१७ ला पोरांच्या हातात ते फिरवायचं खेळणं होतं बघा, फिजेट स्पिनर, त्याच्या मधलं बेरिंग ६०८ नंबरचं. स्केटबोर्डच्या चाकात तेच. मी त्या वर्षी स्पिनर रिपेअर केलेत म्हणून सांगतोय, केरोसीनमध्ये धुवायचं, वाळवायचं, मशीन ऑइलचा एक थेंब, लगेच भिंगरी. बोर्ड मी स्वतः पुण्याहून आणला दोन वर्षाखाली. नांदेडात चालवायला जागा म्हणजे सकाळी सहाला मंगल कार्यालयाचं पार्किंग, रस्त्यावर बारीक खडी आहे, एक खडा पुरतो. डावं मनगट मोडून घेतलं मी, ते सांगून ठेवतो. बॅक टू द फ्युचरमध्ये तो गाडीच्या मागं धरून जातो ते सोयाबीन-ऊस भागातल्या पोरांनी करू नये, आपली पोरं आधीच सायकलवर बसून उसाच्या ट्रॉलीला लटकतात.

मांजराकाठ (लातूर)

मी शाळेत शिकवते, आणि मला यातली एक गोष्ट कधीच सोडत नाही म्हणून लांबण लावते. स्केटबोर्डवाले भिंतीवर चढतात, हवेत वळतात, ते सगळं सुरू कुठून झालं माहितीये? दुष्काळातून. कॅलिफोर्नियात १९७६-७७ ला मोठा दुष्काळ पडला, लोकांनी घरचे स्विमिंग पूल रिकामे ठेवले, आणि तिथल्या पूलला तळ गोल वळून भिंतीला लागतो, आपल्या विहिरीसारखा काटकोन नसतो, तर पोरं कुंपणावरून आत उतरायची आणि त्या कोरड्या पूलच्या भिंतीवर बोर्ड चढवायची. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा २०१६ होतं आणि आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. मी तेव्हा बीएडला. आईबरोबर घागरी घेऊन टँकरच्या लाइनीत उभी आणि हातातल्या मोबाईलवर रिकाम्या पूलमध्ये हसणारी पोरं. मला राग आला होता, खरं सांगते. त्यांच्याकडं दुष्काळात पण नळाला पाणी होतं, फक्त पोहायला नव्हतं. पण नंतर तो फोटो मी परत परत बघितला, आणि आता वर्गात दुष्काळाचा धडा आला की दोन्ही फोटो शेजारी लावते. पोरं अर्धा तास बोलतात.

दुसरं, तुमच्या मुलीला एक व्हिडिओ दाखवा, दादा. २०१५ मधला, ब्राझीलची सात वर्षाची मुलगी, अंगात निळा परीचा ड्रेस, पाठीला पंख, अगदी आपल्या गॅदरिंगला घालतात तसा, आणि पायऱ्यांवरून बोर्ड फिरवत उडी मारते. दोनदा पडते, तिसऱ्यांदा जमतं. रायसा लील. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, जे २०२१ ला झालं, स्केटबोर्ड पहिल्यांदाच होता आणि ती तेराव्या वर्षी सिल्व्हर घेऊन आली, गोल्ड घेणारी जपानची मोमिजी निशिया पण तेराचीच. माझ्या आठवीतल्या मुलींएवढ्या.

आणि आपल्या बाजूचं सांगायचं तर मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार म्हणून खेडं आहे, तिथं २०१५ मध्ये उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी स्केटपार्क, म्हणजे बोर्ड चालवायचं सिमेंटचं मैदान बांधलं. नियम दोनच. शाळा नाही तर बोर्ड नाही, आणि मुली आधी. तिथली आशा गोंड २०१८ ला चीनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपला जाऊन आली. पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं २०२२ च्या गुजरातमधल्या नॅशनल गेम्सला महाराष्ट्रासाठी गोल्ड घेतलं. हे पेपरात खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात आलं होतं, मी कापून ठेवलंय.

निराला_बाजार

ताई, दोन फोटो शेजारी लावायची कल्पना लै आवडली. मोठे प्रिंट लागले तर सांगा, पैसे घेणार नाही.

ते मोबाईलमधल्या चित्राचं राहिलं. स्केटबोर्डचा इमोजी २०१८ मध्ये आला. आधी जो नमुना काढला होता तो टोनी हॉकला, म्हणजे ज्या अमेरिकन स्केटबोर्डवाल्यानं १९९९ ला बोर्डासकट हवेत अडीच फेऱ्या मारून दाखवल्या तो, त्याला पटला नाही, हा ऐंशीच्या दशकातला नवशिक्याचा बोर्ड दिसतोय म्हणला. मग त्यानं स्वतःचा बोर्ड नमुन्याला दिला. तेवढुशा चित्रात पण चुकीचा बोर्ड नको, असं वाटणारा माणूस मला लै मोठा वाटतो.

जिंतूर_रोड

सगळ्यांचे आभार. पोरगा काल आला होता, वडील पण होते. झोडपण्याचं सांगितलं तर वडील लै खुश, म्हणले बघ मी म्हणलं नव्हतं का. परीवाला व्हिडिओ दुकानातच लावला, गिऱ्हाईक थांबून बघायलं. माझ्या पोरीनं रात्री चार वेळा बघितला आणि पंख कुठं मिळतात विचारायली, बोर्डाचं नाही.

नांदेडवाले दादा, तो पोरगा म्हणतो बेरिंगची गाडी करून बघतो. घरातला जुना स्पिनर आणलाय त्यानं. त्यातलं बेरिंग चालंल का?

बेरिंग_नांदेड

एकाच स्पिनरनं भागणार नाही, एका चाकात दोन लागतात, म्हणजे बोर्डाला आठ. आणि ते सरळ रस्त्यावर लावू नका, बाहेरून २२ मिलिमीटरचं छोटंसं आहे, पहिल्याच फटीत अडकंल. गाडीच करायची तर मोटारीचं मोठं बेरिंग घ्या, आणि फळी आंब्याची नको, फाटते. मी शनिवारी कामानं परभणीला येतोय, बोर्ड घेऊन येतो. दुकानासमोर सिमेंटचा रस्ता आहे का फरशी ते सांगा.