अनुभव लिहा: गाडी, लॅपटॉप आणि वाटेवरच्या शाळा

सुरपारंबी, पुणे

घरून काम करायची मुभा मिळाल्यापासून आपल्यातल्या बऱ्याच जणांनी गाडी काढून लांबचे पल्ले गाठले. त्यातल्या काहींनी वाटेत मुद्दाम शाळाही पाहिल्या. कुणी मुलांसाठी शाळा शोधत होतं, कुणाला शिक्षणाच्या कामातच रस होता. ते अनुभव एका जागी यावेत म्हणून हे आवाहन. किल्ले, देवळं, खानावळी यांच्यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. पण शाळेत कोणत्या महिन्यात जायचं, परवानगी कुणाची घ्यायची, नोकरी सांभाळून हे कसं जमवायचं, हे सहसा कुणी लिहीत नाही.

सुरुवात मी करते. माझा अनुभव असा की गाडी चालवणं, ऑफिसचं काम आणि शाळा या तिन्ही गोष्टी एका दिवसात बसत नाहीत, कोणत्याही दोन बसतात. आम्ही शनिवार-रविवारी अंतर कापायचो. इतर दिवशी सकाळी शाळा, आणि दुपारी दोनपासून रात्रीपर्यंत काम. माझे क्लायंट युरोपातले असल्याने हे जमलं.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत निघालो. आपल्याकडे शाळांना दिवाळीची लांब सुट्टी असते. कर्नाटक-आंध्रात मोठी सुट्टी दसऱ्याची, दिवाळीला जेमतेम दोन-तीन दिवस. आपली मुलं मोकळी आणि तिकडच्या शाळा भरलेल्या, असा योग तेव्हा जुळतो. जूनचा पहिला पंधरवडाही चालेल, कारण केरळ-कर्नाटकातल्या शाळा आपल्या आधी उघडतात. पण त्या दिवसांत शिक्षक प्रवेशाच्या आणि पुस्तकवाटपाच्या गडबडीत असतात.

पुण्याहून ४८ नंबरच्या महामार्गाने कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, चित्रदुर्ग करत बंगळुरू, आणि तिथून चिंतामणीमार्गे मदनपल्ले. गाव जवळ आलं की टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो दिसायला लागतात, टोमॅटोची फार मोठी बाजारपेठ आहे तिथे. जे. कृष्णमूर्तींचा जन्म याच गावातला, आणि त्यांची ऋषी व्हॅली शाळा इथून जवळच. निवासी शाळा म्हणून तिचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. मला ओढ होती ती तिच्या ग्रामीण शिक्षण केंद्राची. आसपासच्या वस्त्यांवरच्या मुलांसाठी त्यांनी बहुवर्ग शिक्षणाची पद्धत बसवली. वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एकाच खोलीत असतात आणि भिंतीवर शिडीचा तक्ता असतो. शिडीच्या प्रत्येक पायरीला एक खूण. मूल आपली पायरी शोधतं, त्याच खुणेचं कार्ड काढतं आणि कामाला लागतं. "बाई, आता काय करू?" हा प्रश्नच येत नाही.

इथूनच स्फूर्ती घेऊन म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या सरकारी शाळांत १९९५ मध्ये 'नली-कली' हा उपक्रम सुरू झाला आणि पुढे कर्नाटकभर पसरला. चेन्नई महापालिकेच्या शाळांनीही २००३ मध्ये हीच वाट धरली. म्हणून परतताना आम्ही म्हैसूरकडून आलो. गटशिक्षणाधिकाऱ्यांना आधी पत्र लिहिलं होतं. शाळेत पहिली ते तिसरीची मुलं गोल करून एकत्र बसलेली. फळा भिंतीच्या तळाशी, मुलांचा हात पोचेल इतका खाली, प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा एक तुकडा. डोक्यावर दोऱ्यांचं जाळं आणि त्याला मुलांनी काढलेली चित्रं टांगलेली. माझ्या मुलाला कन्नडचं एक अक्षर येत नाही. एका मुलीने त्याच्या हातात गणिताचं कार्ड ठेवलं, तक्त्यावरची खूण बोटाने दाखवली, आणि तो बसला. थोड्या वेळाने त्याला उठवायला गेले तर त्याला पुढचं कार्ड हवं होतं.

लाखांत फी असलेल्या शाळांची एक यादी आम्ही घरून करून नेली होती. हा वर्ग पाहिल्यावर ती बाजूला ठेवली. मुलगा आजही आमच्या गल्लीतल्या मराठी शाळेतच आहे, आणि आम्ही घरी त्याच्यासाठी कार्डं करतो.

लांबपल्ला, ठाणे

सुरपारंबींचं दोन गोष्टींचं गणित मला पटतं, पण मनाली ते लेह या टप्प्यात एकच गोष्ट बसते आणि ती म्हणजे गाडी चालवणं. तिथे सरळ रजा टाका. केलाँग मागे पडलं की नेटवर्कवर भिस्त ठेवता येत नाही. त्याआधी तांदीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी पाटी प्रसिद्ध आहे, तिथे टाकी काठोकाठ भरून घ्या. वाटेतला तंगलंग ला हा घाट ५,३२८ मीटरवर आहे. तो ओलांडून लेहला पोचल्यावरही पहिले दोन दिवस लॅपटॉप उघडायचा नाही, पडून राहायचं आणि पाणी प्यायचं. साहेबाला हे आधीच सांगून ठेवावं.

आणखी एक, बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या. शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा.

मी गेलो होतो ते फे गावाजवळची सेकमॉल बघायला. सोनम वांगचुक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८८ साली ही संस्था सुरू केली. दहावीत नापास झालेल्या लडाखी मुलांना इथे जागा मिळाली. पुस्तकातली भाषा आणि उदाहरणं त्यांच्या जगातली नव्हती, म्हणून ती मागे पडत होती. आवार सिंधूच्या काठी आहे. मातीच्या जाड भिंती, दक्षिणेकडे काचा. उन्हाची ऊब भिंतींत साठते आणि कडाक्याच्या थंडीतही खोल्या उबदार राहतात. कारभार मुलंच पाहतात: स्वयंपाक, गाई, भाजीचा मळा, हिशेब. पाहुण्यांनी मुलांशी इंग्रजीत गप्पा माराव्यात अशी पद्धत आहे, त्यामुळे आपण नुसते बघे राहत नाही. मला एका मुलाने विचारलं की मुंबईच्या लोकलची दारं उघडी का असतात, आणि लोक पडत कसे नाहीत. पडतात, हे सांगताना मला जड गेलं. त्यावर त्या मुलांनी आपसात चर्चा सुरू केली की दारं बंद ठेवली तर आत हवा कशी खेळवायची. चौकशी आणि लगेच उपाय, ही त्यांची सवय मी ऑफिसातल्या बैठकांत फार कमी पाहिली आहे.

जायचं तर उन्हाळ्यात. तिकडे शाळांची लांब सुट्टी हिवाळ्यात असते, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत.

ताकभात, फ्रीमाँट

आमच्या शाळा म्हणजे विद्यापीठं. लेक अकरावीत होती. कॅलिफोर्नियाहून आय-८० धरून पूर्वेला निघालो: रीनो, सॉल्ट लेक सिटी, लॅरमी, लिंकन, पुढे अर्बाना-शँपेन आणि शेवटी ॲन आर्बर. माझी नोकरी पॅसिफिक वेळेची. पूर्वेला सरकत जाऊ तसं घड्याळ आपल्या बाजूने होतं. कॅलिफोर्नियात नऊ वाजतात तेव्हा लिंकनला अकरा आणि मिशिगनला बारा. त्यामुळे सकाळचं माहितीसत्र आणि विद्यार्थ्यासोबतचा फेरफटका आटोपून मी वेळेवर कामाला बसत होते. काम मात्र रात्री आठ-नऊपर्यंत चालायचं, म्हणून गाडी आमचीही शनिवार-रविवारीच.

बसायची उत्तम जागा म्हणजे गावचं सार्वजनिक ग्रंथालय. अभ्यासाच्या खोल्या बहुतेक ठिकाणी फुकट मिळतात, इंटरनेट चांगलं असतं आणि बोलायला आडोसा असतो. कंपनीला मात्र आधी लेखी कळवा. दुसऱ्या राज्यातून काम केलं की कराचे प्रश्न उभे राहू शकतात.

पश्चिमेकडच्या राज्यांत डब्ल्यूयूई नावाची सोय आहे. त्यात सामील विद्यापीठं पात्र ठरलेल्या शेजारच्या राज्यांतल्या मुलांकडून स्थानिक फीच्या फार तर दीडपट फी घेतात. नेवाडाचं रीनो आणि वायोमिंगचं लॅरमी दोन्ही त्यात आहेत, दोन्ही आय-८० वरच. लॅरमी आमच्या यादीत केवळ वाटेवर होतं म्हणून आलं, आणि लेकीला तेच सगळ्यात आवडलं. माहितीसत्रं इथूनतिथून सारखीच. खरी ओळख होते ती विद्यार्थ्यांच्या जेवणघरात. तिथे ती एका भूगर्भशास्त्राच्या मुलीशेजारी जाऊन बसली आणि आम्हाला लांबूनच "जा" अशी खूण केली.

वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा वारा आणि बर्फामुळे बंद होतो, मार्च-एप्रिलमध्येसुद्धा. एक दिवस हाताशी जादा ठेवाच.

आम्ही नवरा-बायको दोघंही मार्कशीट घेऊन जिथे यादीत नाव लागलं तिथे शिकलो. आपलं मूल एखाद्या आवारात उभं राहून "इथे मला राहता येईल" असं स्वतः ठरवतंय, हे बघण्यासाठी एवढा रस्ता तुडवायला माझी कधीही तयारी आहे.

खडूफळा, यवतमाळ जिल्हा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पाहुणे येतात त्या बाजूनेही थोडं लिहावंसं वाटतं.

या, जरूर या. पण आदल्या आठवड्यात मुख्याध्यापकांशी बोला. गरज असेल तर केंद्रप्रमुखांना कसं कळवायचं ते मुख्याध्यापकच सांगतील. नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार सोयीचा, कारण आमच्याकडे शनिवारी शाळा सकाळची असते. परिपाठाला या, म्हणजे मुलं तुम्हाला सुरुवातीपासून बघतात आणि वर्गात पुन्हा पुन्हा मान वळवत नाहीत. चॉकलेटं वाटू नका. वाटली की पुढच्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीकडे मुलांचं लक्ष जातं, आणि ते मला फार लागतं. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. काढलेच तर कुठेही टाकू नका.

काही द्यायचंच असेल तर एक तास द्या. मागे एक बाई आल्या होत्या. त्यांनी आपण आलो तो रस्ता नकाशावर मुलांकडूनच शोधून घेतला. कुठल्या नद्या ओलांडल्या, कुठे भाषा बदलली, कुठे भाकरी जाऊन भात आला. तिसरीची मुलं नकाशावर पालथी पडली होती. तो नकाशा आता पैनगंगेपाशी बोटं फिरून फिरून पुसट झालाय.

जलपर्णी, कोलकाता

एवढंच सांगते: शांतिनिकेतनला सुट्टी बुधवारी असते, रविवारी नव्हे. झाडाखालचे वर्ग बघायचे म्हणून बुधवारी गेलात तर झाडंच बघाल. २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आल्यापासून गर्दी वाढली आहे. पाठभवन या तिथल्या शाळेत जायचं असेल तर आधी पत्रव्यवहार करा.

पेळू, नागपूर

लांब जायच्या आधी सेवाग्राम बघा. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नयी तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याचा, विचार मांडला, आणि सेवाग्रामच्या नयी तालीम आवारात आज आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा चालते. शेती, स्वयंपाक, सूतकताई हे तिथे छंदाचे तास नाहीत, त्यातूनच गणित आणि विज्ञान येतं. मी पाहिलं तेव्हा मुलं वाफ्याचं क्षेत्रफळ काढून किती बी लागेल याचा हिशेब करत होती. उत्तर चुकलं तर बी उरतं किंवा कमी पडतं, गुरुजींना काही बोलावंच लागत नाही.

समृद्धी महामार्गामुळे मुंबईकडून वर्धा आता एका दिवसात गाठता येतं. वर्ध्यात राहायला साध्या, स्वच्छ जागा मिळतात. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी भरतात, त्यामुळे पंधरा जून धरून निघू नका.

सुरपारंबी, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. खडूफळा, नकाशाची कल्पना मी उचलते आहे. पुढे लिहिणाऱ्यांना विनंती: महिना, परवानगी कुणाकडून मिळाली, आणि काम कुठे बसून केलं, हे तीन तपशील जरूर लिहा. ईशान्येकडे आणि ओडिशात गाडीने जाऊन शाळा पाहिलेलं कुणी असेल तर मला फार हवं आहे. आमचा पुढचा रस्ता तिकडचाच ठरतोय.