अँड्र्यू मेलन: पेढी, राजदूतपद आणि स्वतःचे नाव न दिलेले संग्रहालय

प्रश्न (वाचक, फोंडा):
आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मला अमेरिकेतील बँकर अँड्र्यू मेलन यांच्यावर बोलायचे आहे. 1855 साली पिट्सबर्गमध्ये जन्मलेल्या मेलन यांनी वडिलांच्या पेढीतून ॲल्युमिनियम आणि खनिज तेल या तेव्हा नवख्या असलेल्या उद्योगांना भांडवल पुरवले. 1921 पासून ते तीन अध्यक्षांच्या मंत्रिमंडळांत अर्थमंत्री होते, 1932 मध्ये राजदूत म्हणून लंडनला गेले आणि डिसेंबर 1936 मध्ये त्यांनी आपला चित्रसंग्रह, इमारतीच्या खर्चासह, राष्ट्राला देऊ केला; त्यातूनच वॉशिंग्टनचे ‘नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट’ हे संग्रहालय उभे राहिले. मात्र त्याच वेळी त्यांच्याविरुद्ध करचुकवेगिरीचे प्रकरण प्रलंबित होते. मग या दानाकडे श्रोत्यांनी कसे पाहावे, असे मी सांगू?

उत्तर (पणजी):
घटनांचा क्रम मांडल्यास बराचसा गुंता सुटतो. सोव्हिएत सरकारला परकीय चलनाची निकड असताना 1930-31 मध्ये मेलन यांनी हर्मिटाज संग्रहालयातील 21 चित्रे गुप्तपणे विकत घेतली. राफाएलचे ‘अल्बा मॅडोना’ त्यांतलेच. दानासाठीचा न्यास त्यांनी 1930 मध्येच स्थापन केला होता, तर सरकारने कारवाई सुरू केली ती 1934 मध्ये. तेव्हा खटल्यातून सुटण्यासाठी दानाची कल्पना निघाली, हे म्हणणे टिकत नाही. न्यासाला दिलेल्या चित्रांवरची करसवलत खरी की कागदोपत्री, हाच तर वादाचा एक मुद्दा होता. ऑगस्ट 1937 मध्ये त्यांचे निधन झाले आणि फसवणुकीच्या आरोपातून मुक्त करणारा निर्णय त्यानंतर डिसेंबरमध्ये आला.

उत्तर (मडगाव):
वरील क्रम योग्य आहे, परंतु राजदूतपदाचा काळ एका वाक्यात उरकू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. 1932 च्या आरंभी प्रतिनिधिगृहात राइट पॅटमन यांनी त्यांच्यावर महाभियोगाची मागणी केली आणि ती चौकशी चालू असतानाच अध्यक्ष हूवर यांनी त्यांना लंडनला पाठवले. त्या सुमारास मेलन घराण्याच्या गल्फ ऑइल कंपनीला कुवेतमध्ये तेलाचा परवाना हवा होता आणि तो केवळ ब्रिटिश कंपनीलाच मिळावा, अशी ब्रिटनची अट आड येत होती. त्याच वर्षी ब्रिटनने ती अट सोडली, आणि 1934 मध्ये गल्फ व अँग्लो-पर्शियन ही ब्रिटिश तेल कंपनी यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीत कुवेत ऑइल कंपनी स्थापन झाली. ज्या देशाकडून आपल्याच घराण्याच्या कंपनीला सवलत हवी आहे, तेथे राजदूत म्हणून जाणे मला दानाविषयीच्या शंकेपेक्षा कितीतरी अधिक गंभीर वाटते, आणि चित्रांच्या झगमगाटात ही गोष्ट झाकली जाऊ नये.

उत्तर (डिचोली):
मडगावच्या वाचकांशी मी सहमत आहे. तरीही या दानाची रचना मला मनापासून मोलाची वाटते. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपातील फरशीवर आणि पायऱ्यांवरही देणगीदारांची नावे कोरलेली असतात, आणि त्यात वावगे काही नाही. मेलन यांनी मात्र संग्रहालयाला आपले नाव देऊ नये, असे सांगितले. हा केवळ विनय नव्हता, त्यामागे हिशेब होता: दुसऱ्याच्या नावाच्या वास्तूत आपला संग्रह कोणता धनिक ठेवील? संस्था राष्ट्राच्या नावाची असल्यामुळेच सॅम्युएल क्रेस आणि जोसेफ वाइडनर यांनी आपले संग्रह तेथे दिले. पुढे येणारी कलाकृती आधीच्यांच्याच तोलाची असावी, ही अट 1937 च्या कायद्यात घातली गेली आणि देखभालीचा खर्च सरकारने उचलला. 17 मार्च 1941 रोजी संग्रहालय खुले झाले. आजही प्रवेश विनामूल्य आहे.

व्याख्यानात पडद्यावर चित्रे दाखवायची असल्यास, स्वामित्वहक्काच्या बाहेर असलेल्या कलाकृतींची उत्तम प्रतीची छायाचित्रे संग्रहालय आपल्या संकेतस्थळावर विनाशुल्क देते. ‘अल्बा मॅडोना’ अवश्य दाखवावे.

प्रश्नकर्ते (फोंडा):
आपणा सर्वांचा आभारी आहे. आता मी पेढीचा भाग थोडक्यात आटोपून कुवेतच्या प्रकरणाला पुरेसा वेळ देईन आणि त्यानंतरच चित्रांकडे वळेन.