रोझमेरी तुमच्याकडे पावसाळ्यात टिकते का?

पुणे
दोन रोपं गेली, तिसरं आता दीड वर्षाचं आहे, म्हणून विचारतेय. नर्सरीतून आणलं की महिनाभर छान दिसतं. मग खालची पानं तपकिरी पडू लागतात आणि वाळतंय समजून आपण आणखी पाणी घालतो. दुसरं रोप उपटलं तेव्हा मुळं काळी पडलेली, बोटांना गिळगिळीत लागली. आता मातीची कुंडी, निम्मी माती, निम्म्यात जाड वाळू आणि विटांचा चुरा, शेणखत मूठभरच. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. पावसाची मात्र अजून धास्ती वाटते. तुमचे अनुभव लिहा, स्वयंपाकातलेही.

चिपळूण
ताई, आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. रोझमेरी मूळची भूमध्य समुद्राकाठची. तिथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, आपलं नेमकं उलटं. गरम, दमट हवेत मुळं भिजत राहिली की कुजतात. मी मृगाआधी कुंडी पडवीत घेते, मग चार महिने आठ-दहा दिवसांनी कपभर पाणी. पहिल्या वर्षी एवढं करूनही पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी आली, कारण झुडूप दाट होतं, वारा आत शिरत नव्हता. आता मे अखेरीस मधल्या फांद्या विरळ करते. पण हिरवी पानं असतील तिथवरच कापा. मी खाली नुसत्या लाकडापर्यंत कापलं, त्या बाजूला पुन्हा फुटवा आलाच नाही.

नागपूर
बियांच्या मागे लागू नका. मी पाकीटभर पेरल्या, दोन उगवल्या. चार बोटं लांब कोवळा शेंडा घ्या, खालची अर्धी पानं काढा, ओलसर वाळूत खोचून सावलीत ठेवा. थंडीत आठ लावले, सव्वा महिन्यात पाच धरले.

टोरांटो
आमचं दुखणं वेगळं. इथल्या थंडीत बाहेर जगत नाही, ऑक्टोबरात कुंडी घरात येते. पहिल्या हिवाळ्यात हीटरजवळ ठेवली आणि पाणी फार कमी केलं. हे झाड तुळशीसारखी मान टाकत नाही. हिरवंच दिसत होतं, हात लावला तर पानं झरझर गळली. आता जिन्यातल्या थंड, उजेडाच्या खिडकीत ठेवतो. तीन हिवाळे निघाले.

नाशिक
अर्धा किलो बटाट्याच्या काचऱ्यांना चार बोटांची एक काडी पुरे. तेल तापलं की ठेचलेला लसूण आणि काडी टाका, पानं कुरकुरीत झाली की बाहेर काढा, मग काचऱ्या. उतरवताना तीच पानं चुरडून वर घाला. जास्त झाली तर कडवट, औषधासारखी लागते. सासूबाई पहिल्यांदा वास घेऊन म्हणाल्या, "ह्यात निलगिरी आहे गं." खरंच आहे, निलगिरीतलं सिनिओल आणि थोडा कापूर रोझमेरीच्या तेलातही असतो. आता काडी त्याच तोडून आणतात.

पुणे
चिपळूणच्या ताई, माझी कुंडी ग्रिलमध्ये वरच्या मजल्याच्या पागोळ्यांखालीच होती. आज आत घेतली, मधलं विरळ केलं, सहा शेंडे वाळूत लावले. एक काडी रात्रीच्या काचऱ्यांसाठी ओट्यावर ठेवली आहे.