उ: ३१ डिसेंबरला नुसती मिस्साच असते का?

वर विचारलंय म्हणून सांगते, नुसती मिस्सा (आम्हा कॅथलिकांची चर्चमधली मुख्य उपासना) नाही. ३१ तारखेला ते देउम हे जुनं लॅटिन स्तोत्र म्हणतात, गेलेल्या वर्षाचे आभार मानायला, रोममध्ये पोप स्वतः त्या संध्याकाळच्या प्रार्थनेला असतात. १ जानेवारीला वेनी क्रेआतोर, म्हणजे पवित्र आत्म्याला बोलावणं. यातलं कुठलंही स्तोत्र त्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांसोबत म्हटलं तर पूर्ण इंडल्जन्स मिळतो, म्हणजे माफ झालेल्या पापांची उरलेली शिक्षाही पूर्ण सुटते, पण पापनिवेदन, कम्युनियन (मिस्सेत पवित्र भाकर घेणं), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना हवी आणि पापाची ओढ सुटलेली हवी, हे शेवटचंच सगळ्यात कठीण बघा. आमच्या वसईच्या घरी आजी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली की वर्षभरात गेलेल्यांची नावं एकेक करून घ्यायची, प्रत्येक नावाला एक नमो मरिया, आणि आजोबांच्या नावाला तिचा मणी बोटांत तसाच थांबायचा.